विम्याविना वाहन : दंड लहान, दायित्व मोठे

मोटार वाहन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेतमाल बाजार समितीत नेणारा टेम्पो, ऊस कारखान्याच्या काट्यावर पोहोचविणारा ट्रॅक्टर, कामगाराला पाळीच्या वेळेवर औद्योगिक वसाहतीत नेणारी दुचाकी आणि कुटुंबाला देवदर्शनाला नेणारी मोटार या सर्वांनी ग्रामीण व नागरी जीवनाला गती दिली आहे. या गतीची किंमतही समाजाला मोजावी लागत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. यांपैकी पंधरा हजारांहून अधिक मृत्यू एकट्या महाराष्ट्रातील होते.

अपघातात घरचा कर्ता माणूस गेला म्हणजे त्या घरापुढे दोन संकटे उभी राहतात. पहिले शोकाचे. त्यावर कायद्याजवळ उपाय नाही. दुसरे चरितार्थाचे. मुलांच्या शाळेचे काय, आईच्या औषधपाण्याचे काय, डोक्यावरील कर्जाचे काय, हे प्रश्न तेराव्या दिवसाचीही वाट पाहत नाहीत. या दुसऱ्या संकटावर कायद्याने उपाय योजून ठेवला आहे. तो म्हणजे मोटार वाहनाचा सक्तीचा विमा.

असे असूनही पुष्कळ वाहनधारक विमापत्राकडे पोलिसांना दाखवावयाचा एक कागद एवढ्याच दृष्टीने पाहतात. संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीच्या २०२४ मधील अहवालात देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावत असल्याकडे लक्ष वेधण्यात आले होते. ‘पकडले गेलो तर दंड भरू’ हा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब कोठे चुकतो आणि विम्याविना वाहन चालविण्याचे परिणाम कोणते, याची माहिती प्रत्येक वाहनधारकाने करून घेणे आवश्यक आहे.

कायद्यामागील हेतू

मोटार वाहनांसंबंधीचा जुना कायदा १९३९ सालचा. त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण मात्र १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. अपघातग्रस्तांना दिवाणी न्यायालयाची दीर्घ व खर्चिक वाट धरावी लागू नये यासाठी १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावे न्यायाधिकरणांची तरतूद करण्यात आली. वाहनचालकाची चूक सिद्ध न करताही काही किमान रक्कम मिळावी हे तत्त्व १९८२ च्या दुरुस्तीने स्वीकारले गेले. पुढे मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि २०१९ साली त्यात व्यापक सुधारणा करण्यात आल्या. या प्रवासात एक सूत्र कायम राहिले. रस्त्यावर वाहन आणणाऱ्याने, त्या वाहनामुळे दुसऱ्याची हानी झाल्यास ती भरून देण्याची तजवीज आधीच केलेली असली पाहिजे.

म्हणूनच या विम्याला ‘त्रयस्थ पक्ष विमा’ असे म्हणतात. विमा उतरविणारा वाहनमालक हा पहिला पक्ष आणि विमा कंपनी हा दुसरा. ज्याचा या कराराशी काहीच संबंध नव्हता, असा रस्त्यावरचा पादचारी, सायकलस्वार किंवा समोरच्या वाहनातील प्रवासी हा तिसरा पक्ष होय. विम्याचा हप्ता मालक भरतो, परंतु त्याचा लाभ मुख्यतः या तिसऱ्या पक्षाला मिळतो. स्वतःच्या वाहनाचे नुकसान, चोरी किंवा आग यांपासून संरक्षण हवे असल्यास सर्वंकष विमा घ्यावा लागतो. तो घ्यावा की नाही हे मालकाच्या इच्छेवर आहे. त्रयस्थ पक्ष विमा मात्र इच्छेवर सोडलेला नाही, कारण रस्ता हा एकट्या वाहनमालकाचा नाही.

बंधन कोणावर?

अधिनियमाच्या कलम १४६ नुसार, त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा विमा अंमलात असल्याखेरीज कोणत्याही व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन वापरता कामा नये किंवा दुसऱ्याला वापरू देता कामा नये. यातील ‘वापरू देणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपले विमा नसलेले वाहन मित्राला, भावाला अथवा शेजाऱ्याला चालवावयास देणारा मालकही या कलमाचा भंग करतो. घरी बसून असल्याने तो जबाबदारीतून सुटत नाही.

पगारी चालकाच्या बाबतीत कायद्याने न्याय्य भेद केला आहे. वाहनाचा विमा नाही हे ज्याला माहीत नव्हते आणि तसे समजण्यास कारणही नव्हते, अशा नोकरीवरील चालकाला या भंगाबद्दल दोषी धरले जात नाही. परंतु विमा संपल्याचे ठाऊक असताना केवळ मालक सांगतो म्हणून गाडी बाहेर काढणाऱ्या चालकाला हे संरक्षण मिळत नाही. मालकाच्या गाडीचा विमा केव्हा संपतो हे विचारण्याचा चालकाला अधिकार आहे आणि स्वतःच्या हिताकरिता त्याने ते विचारलेही पाहिजे.

‘सार्वजनिक ठिकाण’ याचा अर्थही व्यापक आहे. ज्या जागी जाण्या-येण्याचा जनतेला हक्क आहे अशी प्रत्येक जागा त्यात येते, मग ती रहदारीचा रस्ता असो वा नसो. प्रवाशांची चढउतार होते तो थांबाही त्यातच मोडतो. ‘मी गावातल्या गावातच गाडी फिरवितो, महामार्गावर नेत नाही’ ही सबब म्हणून टिकत नाही. त्याचप्रमाणे ट्रॅक्टर हे शेतीचे साधन असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते मोटार वाहनच आहे. शेतातून निघून रस्त्याला लागलेल्या ट्रॅक्टरला विम्याची अट लागू होते.

व्यापारी उपक्रमाशी संबंधित नसलेली केंद्र व राज्य शासनाची वाहने या कलमातून वगळलेली आहेत. स्थानिक प्राधिकरणे आणि राज्य परिवहन उपक्रम यांनाही, नुकसानभरपाई देण्यासाठी नियमानुसार स्वतंत्र निधी उभारलेला असल्यास, शासन सूट देऊ शकते. म्हणजे सूट मिळाली तरी ती भरपाई देण्याच्या जबाबदारीतून मिळालेली नसते. केवळ तजवीज करण्याचा मार्ग बदलतो.

तपासणीत सापडल्यास

गणवेषातील अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने विमा प्रमाणपत्र, नोंदणी प्रमाणपत्र, वाहन चालविण्याचा परवाना व इतर आवश्यक कागद दाखविले पाहिजेत. हे कागद आता मूळ स्वरूपातच जवळ बाळगले पाहिजेत असे नाही. ‘डिजिलॉकर’ किंवा ‘एमपरिवहन’ यांमधील इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील कागदपत्रे दाखविण्यास नियमांनी मान्यता दिली आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. विमा अंमलात आहे, पण प्रमाणपत्र त्या वेळी जवळ नाही, ही एक स्थिती. विमाच अंमलात नाही, ही दुसरी. पहिल्या स्थितीत, मागणी केल्यापासून सात दिवसांच्या आत ठरलेल्या पोलीस ठाण्यात प्रमाणपत्र सादर केल्यास, ते सादर न केल्याच्या कारणावरून दोषी ठरविले जात नाही. दुसऱ्या स्थितीला अशी सवलत नाही. तपासणी झाल्यानंतर धावपळ करून काढलेला विमा तपासणीच्या क्षणी अंमलात नव्हता, ही वस्तुस्थिती बदलत नाही.

विम्याविना वाहन चालविणे, चालवावयास लावणे किंवा चालवू देणे हा कलम १९६ खालील अपराध आहे. १९८८ च्या मूळ कायद्यात त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद होती. २०१९ च्या सुधारणेने पहिल्या अपराधाचा दंड दोन हजार रुपये आणि त्यापुढील अपराधाचा दंड चार हजार रुपये ठरविण्यात आला. तीन महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद दोन्ही वेळी कायम राहिली. हा अपराध तडजोडयोग्य अपराधांच्या यादीत असल्याने बहुतेक प्रकरणे तडजोड शुल्क भरून मिटतात. त्यामुळेच दोन हजार रुपये भरले की विषय संपला, असा समज रूढ झाला आहे. तपासणीपुरता तो खराही असेल. अपघात घडला की तो कोसळतो.

अपघात घडल्यास

विमा असलेल्या वाहनाकडून अपघातात एखाद्याचा मृत्यू झाला अथवा एखादा जखमी झाला, तर न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई मालकाच्या वतीने विमा कंपनी देते. मृत्यू व शारीरिक इजा यांबाबतची भरपाई किती असावी, यावर त्रयस्थ पक्ष विम्यात विशिष्ट रकमेची मर्यादा नसते. विमा नसलेल्या वाहनाच्या बाबतीत हा सर्व भार मालकावर आणि चालकावर पडतो.

या भाराची पहिली जाणीव अपघातानंतर थोड्याच दिवसांत होते. पोलिसांनी ताब्यात घेतलेले वाहन सोडवून घेण्यासाठी मालक न्यायालयात जातो. विम्याविना असलेले अपघातग्रस्त वाहन, भरपाईच्या रकमेसाठी पुरेसे तारण दिल्याखेरीज मालकाला परत देऊ नये आणि असे तारण न दिल्यास वाहन ताब्यात घेतल्यापासून तीन महिन्यांनंतर दंडाधिकाऱ्यांनी त्याचा जाहीर लिलाव करावा, असा नियम दिल्लीत होता. लिलावाची रक्कम पंधरा दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे जमा करावयाची असते. असाच नियम सर्व राज्यांनी करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांतही ही तरतूद आली. ज्या वाहनावर कुटुंबाचा व्यवसाय चालतो, ते वाहनच अशा रीतीने हातचे जाऊ शकते. कर्ज काढून घेतलेल्या वाहनाच्या बाबतीत तर वाहन गेले तरी कर्ज उरतेच.

वाहन विकूनही भरपाईची रक्कम भरून निघत नाही. ती किती असू शकते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

एका गवंड्याच्या मृत्यूचा हिशेब

मृत्यूबद्दलची नुकसानभरपाई मोजण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ मधील निर्णयांनी निश्चित केली आहे. मृत व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न धरावयाचे, त्यात भविष्यातील संभाव्य वाढ मिळवावयाची, त्या व्यक्तीचा स्वतःवरील खर्च वजा करावयाचा आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणावयाचे, अशी ही पद्धत आहे.

समजा, ३४ वर्षांचा एक गवंडी सायंकाळी कामावरून सायकलने घरी परतत असताना मोटारीची धडक बसून मरण पावला. त्याची मासिक कमाई १५,००० रुपये होती. मागे पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई असे चार अवलंबित आहेत.

वार्षिक उत्पन्न झाले १,८०,००० रुपये. चाळीस वर्षांखालील स्वतंत्र व्यावसायिकासाठी भविष्यातील वाढ ४० टक्के धरतात. ती ७२,००० रुपये मिळविल्यावर रक्कम २,५२,००० रुपये होते. चार अवलंबित असल्याने मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश, म्हणजे ६३,००० रुपये वजा होतात व १,८९,००० रुपये उरतात. ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणकांक १६ आहे. १,८९,००० ला १६ ने गुणिले असता ३०,२४,००० रुपये ही रक्कम येते. अंत्यविधीचा खर्च, मालमत्तेची हानी आणि आप्तांना अंतरलेले साहचर्य यांबद्दलची रक्कम याखेरीज असते. दाव्याच्या तारखेपासून व्याजही आकारले जाऊ शकते, म्हणून प्रकरण जितके लांबेल तितका बोजा वाढतो.

ही काही मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याची कमाई नव्हे. दिवसाला पाचशे रुपये मिळविणाऱ्या कारागिराच्या जीवनाचा हा हिशेब आहे. दोन हजार रुपयांच्या दंडाशी तुलना केली तर ही रक्कम त्याच्या दीड हजार पटींहून अधिक भरते.

आता दुसरी बाजू पाहू. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० घनसेंटीमीटर क्षमतेच्या इंजिनाच्या खाजगी मोटारीसाठी त्रयस्थ पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता, कर वगळता, ३,४१६ रुपये ठरविण्यात आला होता. १,००० घनसेंटीमीटरपर्यंतच्या मोटारीसाठी तो २,०९४ रुपये आणि ७५ ते १५० घनसेंटीमीटरच्या दुचाकीसाठी ७१४ रुपये होता. वरील उदाहरणातील भरपाई म्हणजे मध्यम आकाराच्या मोटारीचे ८८५ वर्षांचे हप्ते होत. एवढी जोखीम एका वर्षाच्या हप्त्यात दुसऱ्यावर सोपविता येते. ती स्वतःकडे ठेवण्यात काटकसर कोठे आहे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

सातबाऱ्यापर्यंत पोहोचणारी वसुली

‘माझ्याजवळ पैसेच नाहीत, तर घेणार काय?’ असे म्हणणारे वाहनमालक आढळतात. कायद्याने याचाही विचार केला आहे. अधिनियमाच्या कलम १७४ नुसार, भरपाईची रक्कम मिळण्यास हक्कदार असलेल्या व्यक्तीने अर्ज केल्यास न्यायाधिकरण त्या रकमेचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू शकते आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. महसुलाच्या थकबाकीची वसुली म्हणजे काय, हे ग्रामीण वाचकास सांगावयास नको. मागणीची नोटीस, जंगम मालमत्तेची अटकावणी व विक्री, स्थावर मालमत्तेची जप्ती व लिलाव असे तिचे टप्पे आहेत. रस्त्यावर क्षणात घडलेल्या अपघाताची वसुली अशा रीतीने वडिलोपार्जित जमिनीपर्यंत येऊन पोहोचते.

तथापि या चित्राची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. मालकाजवळ जमीन नसेल, घर भाड्याचे असेल, वाहन जुने असेल, तर जप्त करावयाचे तरी काय? अशा वेळी न्यायाधिकरणाचा तीस लाखांचा निवाडा गवंड्याच्या विधवेच्या हाती केवळ कागद म्हणून राहतो. वर्षानुवर्षे खेटे घालूनही तिच्या पदरात फारसे पडत नाही. मुलाची शाळा सुटते आणि आई पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर कामाला जाते. विमा नसण्याचा सर्वांत मोठा दंड असा ज्याने काहीच अपराध केलेला नाही, त्याच्याकडूनच वसूल होतो. वाहनमालकाने वाचविलेल्या हप्त्याची ही खरी किंमत होय.

पळून जाणे हा उपाय नव्हे

विमा नसल्याची भीती आणखी एका अनर्थाला कारण होते. धडक बसताच चालक गाडी न थांबविता निघून जातो. जखमीला तातडीने रुग्णालयात पोहोचविणे आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत, पोलीस ठाण्यात खबर देणे हे कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या क्षोभासारखे त्याच्या आवाक्याबाहेरचे कारण असेल तरच जखमीला मदत न केल्याबद्दल सबब ऐकली जाते. हे कर्तव्य टाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी स्वतंत्र शिक्षा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल भारतीय न्याय संहितेखाली चालणारा खटला त्याहून निराळा.

कायद्यापलीकडचीही एक गोष्ट आहे. अपघातानंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळाले तर अनेक जखमी वाचू शकतात. विम्याचा कागद नाही म्हणून पळणारा चालक त्या जखमीचा हा एक तासही हिरावून घेतो.

विमा असूनही नसल्यासारखा

काही वाहनधारक विमा उतरवितात, परंतु लहानशा दुर्लक्षामुळे ऐन वेळी तो उपयोगी पडत नाही. अशा काही स्थिती लक्षात ठेवणे हितावह आहे.

पहिली, मुदतीची. विमा ज्या तारखेला संपतो, त्यानंतरच्या पहिल्या मिनिटापासून वाहन विम्याविना असते. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात अपघात दुपारी २ वाजून २० मिनिटांनी घडला होता आणि विमापत्र त्याच दिवशी २ वाजून ५५ मिनिटांनी निघाले होते. त्या अपघाताची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय झाला. पस्तीस मिनिटांच्या या अंतराने भरपाईचा सर्व भार कंपनीऐवजी वाहनमालकावर टाकला.

दुसरी, नव्या वाहनांची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. ही सोय चांगली आहे. परंतु पाच वर्षे निर्धास्त राहण्याची सवय झाल्यावर सहाव्या वर्षी नूतनीकरणाचे विस्मरण होण्याचा संभव असतो.

तिसरी, वापरलेल्या वाहनाच्या खरेदी-विक्रीची. वाहनाची मालकी बदलली की विमाही नव्या मालकाकडे गेला असे कायदा मानतो. तरीही नव्या मालकाने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलून घेण्यासाठी अर्ज केला पाहिजे. विकणाऱ्यानेही केवळ पैसे घेऊन स्वस्थ बसू नये. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच भरपाईसाठी मालक समजला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी विकून वर्ष झाले, पण नोंदणी जुन्याच नावावर राहिली आणि घेणाऱ्याने विम्याचे नूतनीकरण केले नाही, तर अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते.

चौथी, वापराची. खाजगी वापरासाठी विमा उतरविलेल्या वाहनातून भाडे घेऊन प्रवासी नेल्यास विम्याच्या अटींचा भंग होतो. योग्य परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती वाहन दिल्यासही तेच घडते. अशा वेळी विमा कंपनीने त्रयस्थ पक्षाला रक्कम दिली तरी ती पुढे मालकाकडून वसूल करून घेण्याची मुभा न्यायालये कंपनीला देतात.

पाचवी, बनावट विमापत्राची. स्वस्तात काम करून देणाऱ्या मध्यस्थाच्या हाती रोख रक्कम देऊन मिळविलेला छापील कागद खोटा निघाल्यास नुकसान वाहनमालकाचेच होते. हप्ता थेट विमा कंपनीच्या नावाने भरावा आणि पावती जपून ठेवावी. विम्याची नोंद ‘एमपरिवहन’ मध्ये वाहनाच्या क्रमांकापुढे दिसते किंवा नाही, हेही पाहून घ्यावे.

अपघातग्रस्तांसाठी

ज्यांच्यावर आघात झाला आहे त्यांनीही आपले हक्क जाणून घेणे आवश्यक आहे. अपघात जेथे झाला तेथील, अर्जदार जेथे राहतो तेथील किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे दावा दाखल करता येतो. दावा शक्यतो सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. चुकीचा प्रश्न उपस्थित न करता मिळणारी भरपाई १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये अशी ठरविण्यात आली. वाहनाचा विमा नसल्यास तिची जबाबदारी मालकावर असते. धडक देणारे वाहन ओळखताच आले नाही, तर मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये देण्याची स्वतंत्र योजना आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची सोय करण्यात आली. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती व अल्प उत्पन्न गटातील व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळू शकते.

या सर्व योजना अपघातग्रस्तांना आधार देण्यासाठी आहेत. विमा न उतरविणाऱ्या मालकाचे दायित्व त्यांमुळे संपत नाही, हे ध्यानात ठेवावे.

वाहनधारकांचे कर्तव्य

विमा संपण्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर ठळकपणे नोंदवून ठेवणे, तारखेपूर्वी आठ-पंधरा दिवस नूतनीकरण करणे आणि घरातील प्रत्येक चालकाला ती तारीख माहीत असणे, एवढी दक्षता घेतली तरी पुष्कळ अनर्थ टळेल. मुदत उलटून गेली असेल तर नवा विमा अंमलात येईपर्यंत वाहन रस्त्यावर आणू नये. सर्वंकष विम्याचे नूतनीकरण नव्वद दिवसांत न केल्यास, दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही गमवावी लागते. ऊस वाहतूकदारांच्या टोळ्या, शाळेच्या वाहनांचे चालक, दूध संस्था व बाजार समित्या यांनी हंगामाच्या प्रारंभी आपल्याकडे येणाऱ्या वाहनांच्या विम्याची सामुदायिक तपासणी केल्यास तो एक चांगला पायंडा ठरेल.

पोलिसांची तपासणी चुकविता येते. अपघात मात्र दक्षातल्या दक्ष चालकालाही सांगून येत नाही. ज्याला आपण ओळखत नाही आणि ज्याची आपली गाठ केवळ एका दुर्दैवी क्षणी पडणार आहे, अशा माणसाच्या मुलाबाळांसाठी विम्याचा हप्ता भरावयाचा असतो. आपल्या मुलाबाळांसाठी तसाच हप्ता रस्त्यावरचा दुसरा कोणीतरी भरत असतो. या परस्परविश्वासावरच रस्त्यावरील व्यवहार उभा आहे. वाहनाची किल्ली हाती घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाने तो विश्वास राखावा.